आबांचा महिना

खालच्या आळीतल्या सखूबाई परवा दुपारी आल्या होत्या. त्यांच्या सासूबाई चुलीपुढे बसूनच "चूल कुठं नेली गं?" असं विचारतात म्हणाल्या. "तुमच्या आबांचं तुमी कसं केलं व्हतं?" मी चहा केला, दोन-चार गोष्टी सांगितल्या, पण समोर माणूस बसलं की मला धड बोलता येत नाही. त्या गेल्यावर सगळं आठवत राहिलं. म्हणून मुलीच्या जुन्या वहीत कोरी पानं होती त्यांवर लिहिते आहे. त्यांना द्यायची की नाही ते मग बघू.

आबा म्हणजे माझे सासरे. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांना दोन मुलगे. थोरले आमचे मालक, ते इथे महाळुंगे पडवळला शेती बघतात. धाकटे भावजी आळेफाट्याला. तिथे त्यांचं ट्रकचं गॅरेज आहे आणि वरच राहायच्या दोन खोल्या. माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी आबांनी स्वतःच वाटण्या करून दिल्या. जमीन निम्मी, गुरं निम्मी, विहिरीचं पाणी चार दिवस एकाचं, चार दिवस दुसऱ्याचं. सगळं ठरल्यावर बसलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, "आन आबा, तुमी वो? तुमी कुनाकडं?"

आबा म्हणाले, "हिरीची पाळी तशी माझी पाळी. एक आमुश्या हिकडं, एक तिकडं. कुना एकाच्या दारात मी पडायचो न्हाई."

गावात त्या बोलण्याचं फार कौतुक झालं. अमावस्या झाली की दुसऱ्या दिवशी आबांची पत्र्याची पेटी, घोंगडी आणि तांब्या बाहेर यायचा. एक महिना आमच्याकडे, एक महिना आळेफाट्याला. कुणी एक दिवस उशीर केला नाही, कुणी एक दिवस जास्त ठेवलं नाही. दोघा भावांना त्याचा अभिमान होता. मलाही होता. हे आधी लिहिते, कारण आबांचा आजार जेवढा जड गेला तेवढीच पुढे ही पाळी जड गेली.

*

पहिली खूण आम्हाला कळली नाही. उन्हाळी नांगरट चालू होती. आबा दुपारी घरी आले, हातपाय धुतले, पानावर बसले. मालकांनी विचारलं, "बैलं कुठं बांधली?" आबा म्हणाले, "कुठली बैलं?" मालक धावत मळ्यात गेले, तर दोन्ही बैल भर उन्हात नांगराला जुंपलेले तसेच उभे. जन्मभर ज्याने आधी बैलाला पाणी दाखवलं आणि मग स्वतः प्याला, त्या माणसाने बैल जुंपलेले सोडून यावं! मालक आबांवर ओरडले. मी त्यांना बापावर ओरडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. आबा खाली मान घालून बसले आणि म्हणाले, "ऊन लागलं आसंल मला."

मग जेवण झाल्यावर तासाभरात पुन्हा जेवायला मागायला लागले. शेजारच्या ओट्यावर जाऊन सांगायचे, "थोरली मला जेवायला घालीत न्हाई." शेजारणी मला तोंडावर काही म्हणत नव्हत्या, पण मी नळावर गेले की बोलणं थांबायचं. त्या दिवसांत मी आबांवर मनातून फार रागावले होते, हे इथे खरं लिहिते. भांडी घासताना रडायचे. आजार असेल असं मनातही आलं नाही. मला वाटायचं, अठरा वर्षं सांभाळलं त्याचं हे फळ.

त्या अठरा वर्षांत मी आबांशी समोरासमोर बोललेच नव्हते. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नाही. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, नाव घ्यायचं नाही. "वाढलंय म्हणावं," असं मुलीकडे बघून म्हणायचं, ते ऐकायचे. त्यात वाईट काही वाटत नव्हतं. तीच रीत होती.

*

आबा हरवले ते आळेफाट्याच्या महिन्यात. जाऊबाई आंघोळीला गेली होती, भावजी खाली ट्रकच्या पोटाखाली. आबा जिना उतरले आणि नगरकडे जाणाऱ्या गाडीत बसले. बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघाले होते. त्या दिवशी बाजारही नव्हता, आणि बेल्हे आल्यावर त्यांना उतरायची आठवणही राहिली नाही. पुढे कुठेतरी कंडक्टरने उतरवलं.

एका ट्रकवाल्याने रस्त्यात बसलेले बघून विचारलं, "बाबा, गाव कंचं?" आबांनी बरोबर सांगितलं, "महाळुंगे." पण महाळुंगे एक नाही. तो भला माणूस चाकणकडे निघालेला. तिकडच्या महाळुंग्याला त्याने आबांना नेऊन सोडलं, वर चहा पाजला. म्हणजे कळंबवरून, आमच्या गावाच्या फाट्यावरूनच आबा पुढे गेले. तिथे लोकांनी नाव विचारलं तर म्हणाले, "आबा." आडनाव सांगता येईना. दोन दिवसांनी सापडले, रस्त्याच्या कडेला, तापाने फणफणलेले. तिथून सरळ पुण्याच्या दवाखान्यात.

केसपेपर काढणाऱ्याने मला विचारलं, "पेशंटचं नाव?" भावजी गाडीतून आबांना उतरवत होते, मालक अजून पोचायचे होते. मी गप्प. मागे रांग. "अहो बोला की बाई, नाव नाही का त्यांना?" सासऱ्याचं नाव तोंडाने कसं घेऊ? मी खिडकीतून हात घालून त्याच्याकडचं पेन मागितलं आणि कागदावर लिहून दिलं. चौथीपर्यंतची शाळा त्या दिवशी उपयोगी पडली.

*

डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी आम्हाला बोलावलं. आबांना त्यांनी आज तारीख काय, साल कुठलं, हा मजला कितवा, असं विचारलं होतं. आबांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. मला वाटलं, यातलं मला तरी कुठे येतं? तारीख मीही भिंतीवर बघते. पण मग डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" आणि आबा बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. दोन्ही मुलगे शेजारी उभे होते.

"हे नुसतं म्हातारपण नाही," डॉक्टर म्हणाले. "विसरण्याचा आजार आहे. तो हळूहळू वाढत जाणार."

मालक म्हणाले, "इंजेक्शन न्हाई का काई त्याला?"

"गोळ्या देतो. थोडा फरक पडेल. मागे येणार नाही."

भावजी म्हणाले, "म्हंजी आमाला बी विसरतील का?"

डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद भावजींच्या हातात दिला. "तुम्ही विसरू नका म्हणजे झालं," एवढंच म्हणाले. बाहेर बाकड्यावर तिघेही बसलो. माझा सगळा राग त्या बाकड्यावर उतरला, आणि त्याच्या जागी भीती आली. बैल, जेवण, ती शेजाऱ्यांकडची तक्रार, सगळ्याचा एकदम उलगडा झाला. मी मनातल्या मनात आबांचे पाय धरले.

*

दवाखान्यात आम्ही अकरा दिवस होतो. पहाटे फरशी पुसायला मावशी यायच्या, मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी. रात्री भावजी थांबायचे, दिवसा मी. आबा सारखे उठून जायला बघायचे. "गुरं सोडायची हायेत." मी पलंगाच्या पायथ्याशी पदर सावरून उभी राहायची आणि कुणाकडे बघून बोलावं तेच कळायचं नाही. तिथे मुलगी नव्हती. शेवटी खिडकीकडे बघून म्हणायची, "गुरं सोडलीत म्हणावं." आबा खिडकीकडे बघून म्हणायचे, "बरं झालं."

अकरा वाजता एक बाई यायच्या. म्हाताऱ्या पेशंटना एका खोलीत घेऊन त्यांच्याकडून काही काही करून घ्यायच्या. मणी ओवणं, चित्रं ओळखणं. आबांपुढे त्यांनी चित्रं ठेवली. एकावर लिफ्ट, एकावर विमान, एकावर केक. आबांनी ती बाजूला सारली. मणी दिले तर म्हणाले, "पोरांचा ख्योळ हाय ह्यो." दुसऱ्या दिवशी मणी भिरकावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण बाई रागावल्या नाहीत. आबा पलंगावर बसल्या बसल्या चादरीच्या सुटलेल्या दशा मांडीवर ओढून पीळ देत बसायचे, ते त्यांनी पाहिलं होतं. मला विचारलं, "हे काय करतायत?"

मी हळूच म्हणाले, "दावं वळतात."

घरचे सगळे कासरे, दावी, बैलांची मुसकी आबा स्वतः वळायचे. अंबाडीच्या सालीचा वाख भिजवून, तीन पदर घेऊन. गावातली माणसं त्यांच्याकडून करून न्यायची. बाईंनी दुसऱ्या दिवशी सुतळीचा गुंडा आणला. आबांनी तो हातात घेतला, हुंगला, तोंड वाकडं केलं, "तागाची हाय, चालंल," म्हणाले आणि बसले. तासभर हलले नाहीत. गुरं सोडायची आठवण झाली नाही.

बाईंनी मला त्या अकरा दिवसांत जे सांगितलं तेच मी सखूबाईंना सांगू बघत होते. हातांना जे येतं ते हात उशिरा विसरतात, तिथून सुरुवात करा. रोज तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं ठेवा. आणि तिसरं, विचारू नका, सांगा. त्यांची परीक्षा घेऊ नका.

हे तिसरं फार अवघड गेलं. आपल्याकडे कुणीही भेटायला आलं की आधी काय विचारतं? "काय आबा, वळखलं का? सांगा बरं मी कोन?" आणि मग सगळे आबांच्या तोंडाकडे बघत बसतात. नाही सांगता आलं की हसतात, नाहीतर डोळे पुसतात. आबांच्या कपाळावर घाम यायचा. मी हे स्वतः पाहिलं आहे.

*

घरी आलो. महिना आमचा होता. मी शाळा सुरू केली. दुसरा शब्द मला सुचत नाही.

सकाळचा चहा झाला की आबा ओट्यावर खांबाला टेकून बसायचे. मी मुलीची पाटी त्यांच्यापुढे ठेवायची. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं. "आज गुरुवार. ओतूरचा बाजार. गाव महाळुंगे पडवळ. घर आपलं." पडवळ शब्द मी कधी गाळला नाही. आबा दोन यत्ता शिकलेले. बोट ठेवून वाचायचे. तारखेने त्यांना काही कळत नव्हतं, पण बाजाराने कळायचं. सोमवार म्हटलं तर नुसते बघायचे, बेल्ह्याचा बाजार म्हटलं की चेहरा बदलायचा.

एकदा वाचून झाल्यावर म्हणाले, "ओतूरचा बाजार? मंग चला की! बसलाय कशाला?"

मी चटकन तोंडावर पदर धरला, पण हसू आवरेना. तेही हसले.

बोलावं तर लागणारच होतं. पहिल्या दिवशी मी खांबाकडे बघून म्हणाले, "मी थोरली. चहा आणलाय." आवाज माझाच मला परका वाटला. चार-पाच दिवसांत सवय झाली. आबांना तर त्यात काही वावगं वाटलंच नाही. ती रीत ते आधीच विसरले होते. मलाच ती विसरायची होती.

समोरच्या काकू येता-जाता बोलायच्या. "थोरलीनं सासऱ्याला पहिलीत घातलाय म्हनं!"

एकदा आबांनी ते ऐकलं. पाटीवरून मान वर न करता म्हणाले, "तुला बिगारीत बी घ्यायचं न्हाई."

काकूंची ती गोष्ट आळीभर झाली. त्यानंतर चिडवणं कमी झालं.

दुपारी दोर. वाखाचं एक टोक मी धरायची, दुसरं त्यांच्या हातात. मध्ये चार-पाच हातांचं अंतर. मला ते बरं पडायचं. एवढ्या अंतरावरून बोलायला संकोच कमी वाटायचा. ते पीळ भरायचे, मी टोक ताणून धरायची. पीळ सैल पडला की ओरडायचे, "ताण! जेवली न्हाईस का?"

माझी एक चूकही लिहिते. हातांना काम हवं म्हणून मी एका सुपात पावटे, हरभरे आणि वाटाणे मिसळून द्यायची. आबा निवडून तीन वाट्यांत ठेवायचे. छान वेळ जायचा. संध्याकाळी मी ते पुन्हा एकत्र करायची, दुसऱ्या दिवशीसाठी. दहा-बारा दिवस असं चाललं. एक दिवस आबांनी सुपात हात घातला आणि थांबले. एक पावटा उचलला, त्याला कडेला खोक होती. "ह्यो काल निवडला व्हता मी." माझ्याकडे बघितलं. "मला येडा समजतीस व्हय?"

सूप त्यांनी दूर सारलं. मला आनंद व्हावा की लाज वाटावी तेच कळेना. कालची गोष्ट त्यांना आज आठवली होती! पण मी त्यांना खोटं काम दिलं होतं, आणि आयुष्यभर कष्ट केलेल्या माणसाला खोटं काम कळतं. त्यानंतर मी खरंच लागेल तेवढंच काम दिलं. बियाणाच्या शेंगा फोडणं, लसणाच्या पाकळ्या सोडवणं, दावी वळणं. त्यांनी वळलेलं दावं त्याच दिवशी गाईला बांधायचं, त्यांच्यासमोर. काम कमी निघायचं, पण ते खरं असायचं.

महिन्याच्या शेवटी आबा एकटे ओढ्यापर्यंत जाऊन परत येऊ लागले. जेवल्याचं आठवत नसे, पण पाटीवर "आबा जेवले" असं लिहून ठेवलं की ते वाचून गप्प बसायचे. "लिवलंय म्हंजी जेवलो आसंल."

आणि अमावस्या आली.

*

भावजी जीप घेऊन आले आणि आबांना घेऊन गेले. मी पेटीत पाटी घातली, वाखाची लड घातली. जाऊबाईला चिठ्ठी लिहिली, काय कधी करायचं त्याची.

महिन्याने आबा परत आले तेव्हा त्यांना आमचं दार ओळखता येईना. न्हाणीघर कुठे ते कळेना, अंथरुणात ओलं होऊ लागलं. पाटी समोर ठेवली तर उलटी धरली. मला वाटलं, आजार वाढला. पण धीर धरून पुन्हा तसंच सुरू केलं, आणि पंधरा दिवसांनी ते पुन्हा बोट ठेवून वाचू लागले. पुढचे पंधरा दिवस चांगले गेले. पुन्हा अमावस्या. पुन्हा परत आले ते कोरे होऊन.

असं तीनदा झालं. सावरायला पंधराचे वीस दिवस लागू लागले. मग पंचवीस. आजार त्याच्या पायांनी चाललाच होता, पण आम्हीच त्याला दर महिन्याला ढकलत होतो.

यात जाऊबाईचा दोष मी कधीच मानला नाही. तिथे ओटा नाही, खाली ट्रक, समोर हायवे. ती एकटी बाई, दोन लहान मुलं. आबा पुन्हा हरवू नयेत म्हणून ती दाराला बाहेरून कडी घालायची, आणि कडी घातली की आबा दार वाजवत राहायचे. "ताई, मी काय करू तुमीच सांगा," ती मला फोनवर रडत म्हणाली होती.

मी आधी मालकांना सांगितलं. "आबांना आता हलवायचं नको. एका जागी राहू द्या."

मालक म्हणाले, "अगं, त्यो त्यांचा सोताचा शब्द हाय. चार माणसात दिल्याला. मी मोडू?"

"तेव्हा ते बरे होते."

"आन लोक काय म्हनतील? धाकट्यानं बापाला टाकला म्हनतील. न्हाईतर म्हनतील थोरल्यानं जमिनीवर डोळा ठेवून धरून ठेवला. दोन्हीकडनं आपलंच त्वांड काळं."

ते खोटं बोलत नव्हते. लोक तसंच म्हणाले असते. आठ दिवस मी गप्प बसले. एकदा तर ठरवलं की जाऊ दे, मी कोण सांगणारी? पण पुढच्या अमावस्येपर्यंत आबा ओढ्यापर्यंत एकटे जायलाही लागले नव्हते. मला दिसत होतं की आणखी दोन-तीन महिने बदलले तर पाटीवरचं "घर आपलं" त्यांना कायमचं कळेनासं होणार.

*

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आबांना न्यायला भावजी आणि जाऊबाई दोघेही आले होते. चहा झाला. पेटी ओट्यावर होती. आबा खांबाला टेकून दोर वळत होते. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहिले आणि म्हणाले, "भावजी, आबांना आता नेऊ नका."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चौकट धरून ठेवली.

भावजी म्हणाले, "का बरं, वहिनी?"

"दर महिन्याला घर बदललं की सगळं पुसलं जातं. दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलंय. एक जागा पाहिजे."

"म्हंजी आमी नीट बघत न्हाई?"

"तसं नाही."

"मंग कसं? बाप माझा बी हाय. तुमी शाळा काढली म्हनून तुमचा एकट्यांचा झाला व्हय?"

जाऊबाई म्हणाली, "कडी घालते म्हनून बोलताय ना ताई? बोला की सरळ."

मी म्हणाले, "मी तिथं असते तर मीही कडीच घातली असती."

मालक म्हणाले, "तू आत जा." मी गेले नाही. आयुष्यात त्यांचं ऐकलं नाही असं ते पहिल्यांदा. मी म्हणाले, "भावजी, आळेफाट्याला ओटा असता, रस्ता नसता, तर मी स्वतः म्हटलं असतं तिथेच ठेवा. पेटी मीच भरून दिली असती. मला आबा इथेच पाहिजेत असं नाही. एका जागी पाहिजेत. तुमचा महिना तुमचाच राहू द्या. पण आबा फिरायचे नाहीत. आपण फिरू. तुम्ही इथे येऊन राहत जा."

"गॅरेज कुनी बघायचं?"



भावजी उठले. आबांसमोर बसले आणि विचारलं, "आबा, तुमीच सांगा. मी कोन? चला, सांगा. कुनाकडं ऱ्हायचं तुमाला?"

आबांचे हात थांबले. त्यांनी भावजींकडे बघितलं, मग मालकांकडे, मग माझ्याकडे. कपाळावर घाम आला. दोर हातातून खाली पडला. "मला काय बी इचारू नका," ते म्हणाले. लहान मूल म्हणतं तसं.

भावजी तसेच उठले, जीपमध्ये बसले. जाऊबाई मागोमाग. पेटी ओट्यावरच राहिली.

*

त्यानंतर ते आले नाहीत. फोनही नाही. एक अमावस्या गेली, दुसरी गेली. आबा इथे सुधारत होते, पाटी वाचत होते, गाईसाठी नवं दावं वळलं. आणि मला ते बघून सुख होईना. मी एका बापाला त्याच्या मुलापासून तोडलं, असं सारखं वाटायचं. मालक घालूनपाडून बोलले नाहीत, पण जेवताना गप्प असायचे. गावात जे बोलायचं ते लोक बोललेच. जमिनीचंही बोलले. मी दोनदा आळेफाट्याला चिठ्ठी लिहिली. पहिली फाडली. दुसरीत एवढंच लिहिलं, "आबा बरे आहेत. तुम्ही आलात तर त्यांना काही विचारू नका, फक्त बसा. वाखाचं एक टोक धरायला माणूस लागतं."

दोन महिने उलटल्यावर एका सोमवारी दिवस मावळायला भावजी मोटारसायकलवर आले. मंगळवारी गॅरेज बंद असतं. मागे अंथरुणाची वळकटी बांधलेली होती. मी दारातच होते. त्यांनी वळकटी ओट्यावर ठेवली, चपला काढल्या आणि आबांपासून चार हातांवर बसले. आबा दोर वळत होते. दुसरं टोक खांबाला अडकवलं होतं. भावजींनी ते सोडवून हातात घेतलं.

दोन हात दोर वळून झाल्यावर आबा म्हणाले, "पावणं, कुठनं आलात?"

"आळेफाट्यावरनं," भावजी म्हणाले.

"आळेफाटा? तिथं माझा धाकटा आसतो. मोटारी दुरुस्त करतो. लई हुशार हात हाय त्येचा." आबांनी पीळ भरला. "तुमी वळखता का त्याला?"

भावजी म्हणाले, "वळखतो की."

"लई दिस झालं आला न्हाई. कामात आसंल. पन त्याला म्हनावं, बापाकडं येत जा."

"सांगतो."

"ताणून धरा. सैल सोडू नका."

भावजींनी दोर ताणून धरला. मान फिरवून रस्त्याकडे बघत बसले, पण हात ढळू दिला नाही. मालक मळ्यातून आले, भावाला बघितलं आणि शेजारी येऊन बसले. त्या रात्री तिघेही एका पंगतीला जेवले. आबांनी पाहुण्यांना आग्रह करून दोन भाकरी जास्त वाढायला लावल्या.

मंगळवारी संध्याकाळी भावजी निघाले. वळकटी त्यांनी नेली नाही, कोपऱ्यात उभी करून ठेवली. आबा ओट्याच्या कडेपर्यंत आले. निघणाऱ्या पाहुण्याला म्हणतात तसं म्हणाले, "सावकाश जा. आन तेवढा निरोप द्या."

भावजींनी गाडीवर बसून किक मारली.

"देतो, आबा," ते म्हणाले. "सोमवारी येतो म्हनलाय त्यो."